‘डॉक्टर हू’ साठ वर्षं टिकली ती निर्मितीमुळे की प्रसिद्धीमुळे? आणि मराठीत अशी विज्ञान मालिका का होत नाही?

प्रश्न वाचला आणि हातातला चहा गार झाला. हाच वाद मी आणि आमचे साडूभाऊ गेली वीसेक वर्षं दर श्रावणात सत्यनारायणाच्या पूजेला घालतोय. साडूभाऊ जाहिरातीतले. मी आर्टमधला, म्हणजे मालिकांचे सेट आणि त्यातल्या वस्तू बनवणारा. कोण कुठल्या बाजूने भांडत असेल ते वेगळं सांगायला नको.

उत्तर आधीच देऊन टाकतो. निर्मितीमुळे. त्यातही निर्मितीला पैसे नव्हते म्हणून. घाई असेल तर इथेच थांबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञान मालिका, त्यातला ‘डॉक्टर’ निळ्या खोक्यासारख्या यानातून काळात आणि अवकाशात फिरतो. प्रसिद्धीचंच म्हणाल तर सुरुवात इतकी वाईट झाली की विचारू नका. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी. आदल्या दिवशी केनेडींना गोळ्या घातलेल्या. त्या संध्याकाळी कोणाचं लक्ष असणार होतं कुठल्या म्हाताऱ्याच्या निळ्या खोक्याकडे? बीबीसीने पुढच्या शनिवारी तोच भाग परत दाखवला आणि त्याला लागून दुसरा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, सत्तावीस वर्षांची. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय चोवीस. खात्यातल्या जुन्या खोडांना दोघांचंही कौतुक नव्हतं. एका भागाला मिळायचे दोन-अडीच हजार पौंड, आणि स्टुडिओ लाइम ग्रोव्हचा, जुना आणि अडचणीचा.

आता त्या निळ्या खोक्याचं बघा. कल्पना अशी होती की यान जिथे उतरेल तिथल्यासारखं रूप घेईल. रोममध्ये खांब, जंगलात झाड वगैरे. पण दर गोष्टीला नवीन यान कोण बनवणार? मग ‘यंत्र बिघडलंय, रूप अडकलंय’ असं लिहून टाकलं आणि लंडनच्या रस्त्यावरची पोलीस चौकीची पेटी कायमची झाली. पुढे रस्त्यावरच्या खऱ्या पेट्या जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि तिच्या ट्रेडमार्कवरून लंडनचे पोलीस आणि बीबीसी यांच्यात वाद झाला. २००२ साली निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. म्हणजे पोलिसांची पेटी पोलिसांची नाही! काटकसरीतून निघालेली वस्तू आहे ही, लक्षात घ्या.

नायकाचंही तेच. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली. आपल्याकडे काय करतात? खाली पट्टी फिरवतात, ‘यापुढे अमुकची भूमिका तमुक साकारतील’, आणि सासूबाई सोमवारी वेगळ्याच चेहऱ्याने पोहे करतात. त्यांनी नट बदलला तोच गोष्टीत घेतला. डॉक्टर परग्रहावरचा आहे, म्हातारा झाला की शरीर बदलतो. त्या एका अडचणीतून निघालेल्या युक्तीवर मालिका आजवर नट बदलत जगली आहे. साडूभाऊ म्हणतात नव्या डॉक्टरच्या घोषणेची बातमी होते, ती प्रसिद्धी. अहो, पण घोषणा करायला आधी काहीतरी घडायला लागतं ना?

आता माझ्या दुखऱ्या जागी येतो. डेलेक.

हा मालिकेतला परग्रहावरचा खलनायक. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांनीही डेलेक पाहिलेला असतो. कमरेखाली घागऱ्यासारखा, अंगावर अर्धगोल, वर घुमट, एका हाताला बंदुकीची नळी आणि दुसऱ्याला मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप. हो, खरोखरच तो पंप. लेखक टेरी नेशन. कागदावर त्याने वर्णन केलं, पण डोळ्यांना दिसणारा डेलेक काढला रेमंड क्युसिकने. तो बीबीसीचा पगारी डिझायनर होता. खुर्चीवर बसलेला माणूस आधी काढला आणि त्याच्याभोवती कवच. पाय दिसत नाहीत म्हणून प्रेक्षकाला ‘आत माणूस आहे’ हे कळत नाही, हे त्याचं खरं डोकं. आतला माणूस पायाने ढकलत चाकांवर सरकायचा. आवाज दुसरेच लोक बाहेरून काढायचे आणि घुमटावरचे दिवे आतल्याने त्या शब्दांबरोबर चालू-बंद करायचे. चारच बनवले, मागची गर्दी म्हणजे फोटो मोठे करून चिकटवलेले पुठ्ठे. बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन, त्याला मालिकेत असले राक्षस नकोच होते. पण दुसरी संहिता तयार नव्हती, म्हणून हीच शूट झाली. गोष्ट संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या घरात गेले. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत खेळणी, पोशाख, पुस्तकं, पीटर कुशिंगला घेऊन दोन सिनेमे. नेशन बाहेरचा लेखक, त्याच्या एजंटबाईंनी हक्क राखून ठेवले होते. तो श्रीमंत झाला. क्युसिक नोकरीतला. त्याला मिळाले शंभर पौंडांच्या आसपास बक्षीस आणि लहान मुलांच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमाचा एक बॅज.

शंभर पौंड आणि बॅज. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो आणि बायकोने विचारलं काय झालं, तर सांगता येईना.

कारण मला मिळाले होते ५०१ रुपये आणि नारळ.

साल २००१. गोरेगावला एका स्टुडिओच्या फ्लोअरवर मुलांची मालिका चालू होती, अंतराळ वगैरे. वाहिनीचं नाव सांगत नाही, मालिकेचंही नाही. मी आर्ट डायरेक्टरच्या हाताखाली, ट्रेनी. एका संध्याकाळी क्रिएटिव्हवाल्या ताई आल्या आणि म्हणाल्या, परवाच्या शिफ्टला यंत्रमानव पाहिजे, चार हजारांत बसवा. आमचे सर म्हणाले ‘बघ रे जरा’ आणि घरी गेले.

मी आणि एक सुतारकाका बसलो. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप घेतलं, वरचा भाग कापला आणि ते उलटं केलं. आत एका पाटाला ऑफिसच्या मोडक्या खुर्चीची चाकं ठोकली. डोक्याला ॲल्युमिनियमची कढई, डोळ्यांना सायकलचे लाल रिफ्लेक्टर. छातीवर इडलीपात्राच्या दोन थाळ्या, त्यांच्या भोकांतून टॉर्चचा उजेड यायचा. एका हाताला शॉवरचा लवचिक पाइप. दुसऱ्या हाताला काही सुचेना, रात्रीचे दोन वाजलेले, कँटीनमध्ये चहा उकळत होता. तिथली सांडशी उचलली आणि बसवली. चंदेरी स्प्रेचे चार डबे. एकूण ३,८०० रुपये, सगळी व्हाउचरं मी जपून ठेवली होती. क्युसिक कोण हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

आत बसायला एक बुटके स्पॉटदादा, म्हणजे सेटवरचे मदतनीस, मिळाले. सरकायचे छान, पण टॉर्च बटण दाबून संवादाबरोबर लुकलुकवायचा, ते काही जमेना. मग मी पिंपाला पाठीमागे भोक पाडलं आणि फ्रेमच्या बाहेर आडवा पडून काठीने त्यांच्या बरगडीला ढोसायचो. एक ढोस म्हणजे एक अक्षर. एकदा लाइटिंगला वेळ लागला तर दादा आतच झोपले. सगळं युनिट त्यांना शोधतंय आणि पिंप घोरतंय.

मालिकेत त्याचं नाव वेगळं होतं, आम्ही त्याला पिंप्या म्हणायचो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलांची पत्रं येऊ लागली, सगळी पिंप्याला. नायकाला एकही नाही. त्या मे महिन्यात मी दादरला पुलावरून उतरत होतो, समोर होर्डिंग. पिंप्या! आणि माझी सांडशी, म्हणजे कँटीनची, चांगली सात-आठ फूट लांब. मी तिथेच उभा राहिलो, मागून लोक शिव्या घालत गेले.

वह्यांच्या कव्हरवर आला, स्टिकर आले, शाळांमध्ये फिरवला. मी सरांना विचारलं, टायटल्समध्ये माझं नाव येईल का? ते म्हणाले, अरे नावं पळतात तिथे, कोण वाचतं? बरोबरच होतं ते. मग जा ना माझ्या आईला सांगायला! ती दर रविवारी चष्मा लावून शेवटपर्यंत बसायची. पन्नासाव्या भागाच्या पार्टीत नारळ आणि पाकीट दिलं. पाकिटावर पेनाने लिहिलेलं होतं, ‘आर्ट बॉय’.

आणि ते होर्डिंग केलं होतं आमच्या साडूभाऊंच्या एजन्सीने. तेव्हा ते साडू नव्हते, पुढे झाले. त्या कामावर त्यांना बढती मिळाली. त्यांचं म्हणणं साधं आहे: ‘पिंपं मुंबईत पुष्कळ आहेत. तुझं पिंप लोकांना माहीत झालं ते आमच्यामुळे.’ हे वाक्य ते हातात प्रसादाचा द्रोण धरून बोलतात.

त्यांना मी दरवेळी डेलिया डर्बिशायर सुनावतो. ‘डॉक्टर हू’ची ती अंगावर काटा आणणारी धून रॉन ग्रेनरने लिहिली. पण सिंथेसायझर नसलेल्या त्या दिवसांत एकेक सूर टेपवर तयार करून, टेप ब्लेडने कापून, जोडून ती प्रत्यक्षात आणली डेलियाने. ग्रेनरला तिला मानधनात वाटा द्यायचा होता, बीबीसीच्या नियमात बसला नाही. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ साली, पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात. ती २००१ मध्येच गेलेली. क्युसिकही त्याच २०१३ च्या फेब्रुवारीत गेला. तोच खास भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली, आणि साडूभाऊ नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात.

प्रसिद्धीने मालिका वाचते म्हणणाऱ्यांनी १९८५ बघावं. बीबीसीच्या वरिष्ठांनी मालिका दीड वर्ष थांबवली, तेव्हा चाहते आणि कलाकारांनी मिळून निषेधाचं गाणं काढलं. सपशेल आपटलं. १९८९ ला मालिका बंदच पडली. १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर थेट २००५ ला उगवली, लेखक-निर्माता रसेल टी. डेव्हिसने कार्डिफमध्ये उभी केली तेव्हा. आणि अलीकडे डिस्नीचा पैसा आला, जगभर वितरण झालं, दोन हंगामांत ते बाजूलाही झाले.

मधल्या काळात ती जिवंत ठेवली कोणी? ज्यांनी साठच्या दशकात टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून भाग ध्वनिमुद्रित केले त्या पोरांनी. बीबीसीने टेपा पुसून परत वापरल्या, अनेक भाग आजही सापडलेले नाहीत. पण आवाज सगळ्या भागांचा आहे, तो या पोरांमुळे. नऊ भागांच्या प्रती २०१३ मध्ये नायजेरियातून मिळाल्याचं जाहीर झालं. आमच्या मालिकेच्या टेपांचं काय झालं हे विचारूच नका. माझ्या आईने लावलेली एक व्हीएचएस होती, तिच्यावर पुढे कोणाचं तरी बारसं आहे.

मराठीत का होत नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. पैसे नाहीत हे कारण मला कोणी सांगू नये. रोजचा एपिसोड रोज द्यायचा, तर युक्तीला रात्र कुठून मिळणार? आम्हाला पिंप्यासाठी दोन रात्री मिळाल्या होत्या, आज एकही मिळत नाही. आणि प्रेक्षकांचे आकडे पडले की मालिकेची वेळ हलवतात. आमची रविवारवरून मधल्या वारी दुपारी साडेबाराला टाकली, मुलं शाळेत. सत्तर भागांच्या आत गुंडाळली. यापलीकडे वाहिन्यांचं अर्थकारण वगैरे मला विचारू नका, ते साडूभाऊंचं खातं.

न्यायाने बोलायचं तर नेशनने लिहिलं नसतं तर क्युसिक काय काढणार होता, हेही आहेच. आणि होर्डिंग लागलं नसतं तर मी दादरच्या पुलावर उभा राहिलो नसतो. हे मी इथे लिहितोय, घरी बोलणार नाही.

२०१६ ला भाचा कार्डिफला शिकत होता, तेव्हा तिथलं ‘डॉक्टर हू’चं प्रदर्शन पाहिलं. लोक डेलेकसमोर उभे राहून फोटो काढत होते. मी खाली वाकून घागऱ्याची कड आणि जमीन यांच्यात किती बोटं जागा सोडलीय ते बघत होतो. दोन बोटं. आम्ही तीन सोडली होती, त्यामुळे लाँग शॉटला चाकं दिसायची. भाच्याला वाटलं माझं काही पडलं.

पिंप्या शेवटचा दिसला २००३ मध्ये, त्याच फ्लोअरच्या मागे. सुलटा केलेला, पाणी भरलेला, माळी त्यातून तांब्याने कुंड्यांना घालत होता. चंदेरी रंग कडेला तेवढा राहिला होता. इडलीच्या थाळ्या कोणीतरी नेल्या होत्या. सांडशी गंजलेली, पण त्याच्या हाताला तशीच. ती मी काढून आणली.