प्राण्यांच्या टोपणनावाच्या इंजिनांची मॉडेलं जमवायचीत, पहिलं कुठलं घ्यावं? आणि ही नावं पडली कशी?

मी कोल्हापूरचा, घरी वरच्या खोलीत प्लायवर मॉडेल रेल्वेचा छोटा लेआउट आहे, बरीच वर्षं हाच नाद. माझं ऐकाल तर बाकी काही बघू नका, आधी क्रोकोडाइल घ्या.

स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड घाटासाठी 1919 पासून बनलेलं इलेक्ट्रिक इंजिन. मधे केबिन, दोन्हीकडं लांब बुटकी नाकं, वळणावर अंग सांध्यात मुडपतं, हिरव्या रंगात तर अक्षरशः मगरच. मार्कलिन कंपनीनं त्याचं एचओ मॉडेल 1947 मधे काढलं. एचओ म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 वा भाग, त्यामुळं 19 मीटरचं धूड साधारण 22 सेंटीमीटरमधे बसतं.

पण खरी गंमत पुढं आहे. तसलंच इंजिन आपल्याकडंही होतं! जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं मुंबईकडच्या घाटांसाठी 1928 पासून 41 इंजिनं आणली, डब्ल्यूसीजी-1, दीड हजार व्होल्ट डीसीवर चालणारी. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढं गेलं की 1 फूट वर, तिथं मालगाडी ओढायची म्हणजे काय ते बघा. आणि आपल्या रेल्वेवाल्यांनी ह्याला मगर नाही म्हटलं, खेकडा म्हटलं. उभं असलं की कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालायला लागलं की चाकांचे दांडे विचित्र हलायचे. पावसाळ्यात ओढ्याकाठी खेकडे धरलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगायला लागत नाही, तिकडच्यांनी तोंड बघितलं, आपल्यांनी पाय बघितले. मला विचाराल तर आपलंच नाव जास्त बरोबर आहे. रात्री लाईट घालवून, कंट्रोलर अगदी कमीवर ठेवून, बॅटरीच्या उजेडात रुळाच्या उंचीवर डोळा नेऊन मॉडेलचे दांडे बघा, दांडा आधी खाली दबतो, मग पुढं सरकतो, परत वर येतो, आणि अख्खं इंजिन तेवढ्यात बोटभरच पुढं गेलेलं असतं.

बाकीची पण नावं अशीच, बघणाऱ्यानं ठेवलेली. कोलोरॅडोत 1931 पासून मोटारीच्या सांगाड्यावर केलेल्या रेल्वेगाड्या डुलत पळायच्या म्हणून गॅलपिंग गूज. अमेरिकेतच बॉयलरच्या मधोमध केबिन असलेलं कॅमलबॅक. आपल्या डब्ल्यूडीएम-2 डिझेलमधली रुंद तोंडाची, मोठ्या खिडक्यांची ती जम्बो. घरात लहान मूल असेल तर लायनेल ह्या अमेरिकन कंपनीचा जिराफाचा डबा बघा, रुळाशेजारच्या खांबाजवळ आला की जिराफ मान खाली घालतो, पोरं तासभर हलत नाहीत.

घेताना एक बघाच. मार्कलिन एचओची इंजिनं मधल्या तिसऱ्या संपर्काच्या ट्रॅकवर एसीनं चालतात, साध्या दोन रुळांच्या डीसी ट्रॅकवर चालत नाहीत, त्यामुळं सेकंडहँड घेताना आधी ट्रॅक कुठला ते विचारा आणि मगच पैसे द्या. वळणाचं रेडियस पण विचारा, लांब इंजिन घट्ट वळणावर उतरतं.

आणि खरा खेकडा बघायचाच असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरा, तिथल्या हेरिटेज गल्लीत एक उभा आहे. फोटो समोरून नको, बाजूनं काढा, दांडे नीट दिसतील असा, मॉडेल घरी आलं की ताडून बघायला उपयोगी पडतो.