राज्य बदलले, तरी खाण व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र तेच

प्रश्न : मी शिरपूरचा असून साक्री तालुक्यातील एका दगडखदानीत व्यवस्थापक आहे. माझ्याकडे कोळशाव्यतिरिक्तच्या, म्हणजे मेटॅलिफेरस गटातील खाणींसाठीचे आणि केवळ उघड्या खाणीपुरते मर्यादित असलेले द्वितीय श्रेणीचे व्यवस्थापक प्रमाणपत्र आहे. गुजरातमधील छोटा उदेपूर भागातल्या एका डोलोमाइट खाणीकडून मला बोलावणे आले आहे. परंतु ‘महाराष्ट्राचे सर्टिफिकेट गुजरातेत चालत नाही, आधी तिथल्या सरकारची मान्यता घ्यावी लागेल’ असे सांगून एका मध्यस्थाने त्यासाठी पैसे मागितले आहेत. माझा धाकटा भाऊ आमच्याच खदानीत ब्लास्टर, म्हणजे सुरुंग उडवणारा आहे. आम्ही दोघांनी काय करावे?

उत्तर : मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. आपले प्रमाणपत्र महाराष्ट्राचे नाहीच. खाणींतील कामगार आणि सुरक्षितता हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत ५५व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे व्यवस्थापक, फोरमन, मेट (मुकादम) आणि ब्लास्टर यांची प्रमाणपत्रे धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या यंत्रणेकडून मिळतात आणि ती राज्याच्या सीमेवरील नवापूरच्या अलीकडे जितकी वैध असतात, तितकीच पलीकडेही असतात.

हा गैरसमज आपल्या भागात सर्रास आढळतो आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दगड, मुरूम, वाळू यांसारख्या गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार १९५७च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ने राज्यांना दिला आहे. म्हणून खदानीचा पट्टा, स्वामित्वधन आणि वाहतूक पास यांसाठी मालकाच्या खेपा जिल्हा खनिकर्म कार्यालयात होतात, आणि सगळा कारभार राज्याचाच असावा असे वाटू लागते. वास्तविक पट्टा हा जमिनीशी आणि मालकाशी बांधलेला असतो, तर प्रमाणपत्र आपल्या पात्रतेशी.

तरीही मूळ प्रमाणपत्र काढून त्यावरील प्रत्येक शब्द वाचा. राज्याची सीमा आड येत नसली तरी श्रेणीची आणि प्रकाराची सीमा नक्कीच येते. मेटॅलिफेरस प्रमाणपत्रावर कोळसा खाणीत व्यवस्थापक होता येत नाही. आपले प्रमाणपत्र उघड्या खाणीपुरते असल्याने भूमिगत कामाची जबाबदारीही घेता येणार नाही. शिवाय कोणत्या श्रेणीचा व्यवस्थापक हवा, हे त्या खाणीतील सरासरी कामगारसंख्येवर ठरते. ती संख्या होकार देण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी. काही लहान खदानींत प्रमाणपत्राऐवजी विशेष परवानगीवर व्यवस्थापक नेमलेला असतो. अशी परवानगी त्या खदानीपुरतीच असते, ती घेऊन दुसरीकडे जाता येत नाही.

नेमणुकीनंतरची मुख्य जबाबदारी मालकाची असते. १९६१च्या मेटॅलिफेरस खाण विनियमांनुसार व्यवस्थापकाच्या नेमणुकीची सूचना ७ दिवसांच्या आत खाण सुरक्षा कार्यालयाला द्यावी लागते. तिची प्रत आपल्याजवळ ठेवा. साक्रीची नोकरी सोडल्याचीही अशीच सूचना जाणे आवश्यक आहे, कारण लेखी पूर्वपरवानगीशिवाय एका व्यक्तीला एकाहून अधिक खाणींचे व्यवस्थापक राहता येत नाही. जुना मालक ‘नाव राहू द्या, कागदापुरते’ म्हणाला, तर स्पष्ट नकार द्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. व्यवस्थापकाने दररोज जातीने देखरेख करणे अपेक्षित असते, आणि आपण दीडदोनशे किलोमीटर दूर असताना दरड कोसळून एखादा मजूर दगावला, तरी कागदोपत्री त्या खाणीचे व्यवस्थापक आपणच असाल.

आपल्या भावाचे ब्लास्टर प्रमाणपत्रही याच न्यायाने गुजरातेत चालेल. मात्र स्फोटकांच्या साठ्याचा परवाना ही निराळी बाब आहे. तो स्फोटके नियम, २००८ खाली नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतो आणि परवानाधारकाच्या नावाने, ठरलेल्या जागेसाठी दिलेला असतो. नव्या मालकाकडे तो आहे की नाही, याची खात्री झाल्याशिवाय भावाने एकही सुरुंग भरू नये. ‘आमची खदान लहान आहे, आम्हाला हे नियम नाहीत’ असे त्याला सांगितले जाईल. १९५२च्या खाण कायद्यात दगड, मुरूम, चुनखडी अशा काही ठरावीक खनिजांच्या उघड्या खदानींना सूट होती खरी. परंतु खोली कोठेही ६ मीटरपेक्षा अधिक नसावी, कोणत्याही दिवशी ५०पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरली जाऊ नयेत, या तिन्ही अटी एकत्र पाळाव्या लागत. जिथे ब्लास्टरची गरज आहे, तिथे तिसरी अट आपोआपच मोडते.

निघण्यापूर्वी दोघांनीही सध्याच्या मालकाकडून पदनाम, खाणीचा प्रकार आणि कामाचा कालावधी नमूद केलेले अनुभवपत्र घ्यावे. पुढे प्रथम श्रेणीच्या परीक्षेला बसायचे ठरवल्यास आपल्याला ते लागेल, आणि जुन्या मालकाकडून वर्षांनंतर असे पत्र मिळवणे फार अवघड जाते.