जुन्या संगणकाचा तपशील कसा पाहावा?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात विंडोज ७ असलेला जुना असेंबल्ड (सुटे भाग जोडून तयार केलेला) संगणक आहे. त्याची रॅम वाढवायची आहे. पण बेळगावचे दुकानदार आधी तपशील विचारतात. तो कसा मिळवावा?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत 'एमएसइन्फो३२' हे नाव इंग्रजी अक्षरांत व अंकांत सलग टाईप करून एंटर दाबावे, म्हणजे प्रोसेसर आणि बसवलेली रॅम एकाच पानावर दिसते. तेथेच 'सिस्टिम टाइप'समोर एक्स८६ असेल तर विंडोज ३२ बिटची आहे, आणि ती ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरूच शकत नाही. वाचनालयाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून ही ओळ सर्वांत आधी पाहावी.

असेंबल्ड संगणकात 'सिस्टिम मॉडेल'समोर पुष्कळदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (म्हणजे उत्पादकाने नाव भरायचे राहिले आहे) एवढेच येते. अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाईप करण्याच्या खिडकीत) 'डब्ल्यूएमआयसी बेसबोर्ड गेट प्रॉडक्ट' ही आज्ञा इंग्रजीत द्यावी. मिळालेल्या मदरबोर्डच्या (सर्व भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीच्या) क्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर रॅमचा प्रकार व कमाल मर्यादा सापडते.

डीडीआर२ आणि डीडीआर३ हे रॅमचे प्रकार आहेत. या दोन्ही प्रकारच्या रॅमच्या पट्ट्यांना २४० पिना असल्या, तरी त्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. शक्य असल्यास वीजजोडणी काढून जुनी पट्टीच दुकानात न्यावी. बेळगावची दुसरी खेप वाचेल.