पुन्हा अर्ज करण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, राज्य मंडळाची बारावी उत्तीर्ण झाले आणि पहिल्यांदाच नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली. ७२० पैकी ४२१ गुण मिळाले : जीवशास्त्रात २८२, रसायनशास्त्रात ८७ आणि भौतिकशास्त्रात ५२. ओबीसी प्रवर्गातूनही एमबीबीएसला नंबर लागला नाही. उत्तरसूची ताडून पाहिली तेव्हा कळले की, भौतिकशास्त्राचे मी ३८ प्रश्न सोडवले, त्यांतले १८ बरोबर आले आणि २० चुकले. रसायनशास्त्रात १३ आणि जीवशास्त्रात १४ उत्तरे चुकली. क्लासचे सर म्हणतात की, निगेटिव्हमुळे घोटाळा झाला, ड्रॉप घे, म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दे, पुढच्या वर्षी नक्की होईल. बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीची, जागा मिळते आहे, तर ती घेऊन तिथूनच पुन्हा नीट द्यावी, असे आईचे म्हणणे आहे. बाबा बेस्टमध्ये चालक आहेत आणि क्लासची फी पुन्हा भरणे घराला जड जाणार आहे. मी काय करावे? — एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर : तुझ्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तू दिलेले आकडे. बहुतेक पत्रांत ‘थोडक्यात हुकले’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुझ्या आकड्यांवरून मात्र तुझ्या सरांचे निदान तपासता येते, आणि ते मला पटत नाही.

तू एकूण २९९ गुण गमावलेस. चुकलेली उत्तरे ४७, म्हणजे वजा झालेले गुणही ४७. ती सर्व उत्तरे तू कोरी सोडली असतीस तरी तुझी बेरीज ४६८ झाली असती. उरलेले अडीचशे गुण तुला उत्तर आले नाही म्हणून गेले आहेत, धाडस केले म्हणून नव्हे. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा असल्यामुळे, चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडणाऱ्यालाही सरासरीने तोटा होत नाही. हे मी अंदाजपंचे उत्तरे देण्यास उत्तेजन म्हणून सांगत नाही. ‘निगेटिव्हने घात केला’ हे वाक्य विद्यार्थ्याला आणि क्लासला दोघांनाही सोयीचे असते, आणि त्यामुळे खरा खड्डा कुठे आहे हे पाहायचे राहून जाते, एवढेच मला सांगायचे आहे.

तुझा खड्डा भौतिकशास्त्रात आहे. तिथे एकट्या विषयात १२८ गुण गेले. आता एक काम कर. त्या विषयात चुकलेले २० आणि सोडून दिलेले ७, असे सत्तावीस प्रश्न समोर घे आणि प्रत्येकापुढे तो अकरावीचा की बारावीचा, हे लिही. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे अकरावीचे वर्ष पुष्कळदा वाया जाते, कारण बोर्डाची परीक्षा बारावीच्या अभ्यासक्रमावर असते आणि अकरावीला कोणी विचारत नाही. नीट मात्र दोन्ही वर्षांवर असते, आणि गतिकी, गुरुत्वाकर्षण, पदार्थांचे औष्णिक गुणधर्म हे प्रश्न काढायला सोयीचे विषय अकरावीतलेच आहेत. त्यानंतर, तो प्रश्न घरी, घड्याळ न लावता सुटतो का, ते पाहा. सुटत असेल तर अडचण वेगाची आहे : १८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सरासरी एक मिनिट. बोर्डासाठी सिद्धता पाठ करून दीर्घोत्तरे लिहिण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. घरीही सुटत नसेल तर अडचण संकल्पनेची आहे, आणि तिला वेळ लागतो. या दोन दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि दुसरे वर्ष द्यावे की नाही याचे अर्धे उत्तर तुला या सत्तावीस प्रश्नांतच मिळेल.

‘कटऑफला किती गुण कमी पडले’ यावरून निर्णय घेऊ नकोस. गुणांची किंमत दरवर्षी बदलते. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा पेपर अवघड गेला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. या दोन वर्षांत एकाच बेरजेला मिळालेले क्रमांक इतके वेगळे आहेत की, गुणांची तुलना करण्यात अर्थच उरत नाही. तू तुझा राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक घे आणि तुझ्या प्रवर्गाची शासकीय महाविद्यालयातील शेवटची जागा शेवटच्या फेरीत कितव्या क्रमांकाला मिळाली ते प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्य सीईटी कक्षाच्या यादीत पाहा. ते अंतर खरे.

जीवशास्त्रातील तुझे २८२ गुण चांगले आहेत. सर्व विषय पहिल्यापासून सारख्याच वेगाने शिकवणाऱ्या रिपीटर बॅचची तुला गरज आहे, असे मला वाटत नाही. भौतिकशास्त्राची शिकवणी, रसायनशास्त्राचा नेमका अभ्यास, एनसीईआरटीची पुस्तके आणि एक चांगली टेस्ट सिरीज एवढ्यावर तुझे भागू शकेल, आणि त्याचा खर्चही पूर्ण बॅचपेक्षा पुष्कळ कमी येईल. भांडुपहून दादर किंवा अंधेरीला रोज जाण्यायेण्यात लोकलच्या गर्दीत जाणारे तास हाही खर्चच आहे. त्यापेक्षा जवळच्या एखाद्या अभ्यासिकेत जागा मिळवलीस तर बरे. सरावाचे पूर्ण पेपर मात्र खऱ्या परीक्षेच्या वेळेला, दुपारी दोन ते पाच, गोळे रंगवायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर सोडव. जेवणानंतरच्या त्या तीन तासांची सवय शरीरालाही लावावी लागते.

आता बीएएमएसविषयी. आईची सूचना मायेपोटी आहे, पण तिच्यातली अडचण तुम्हा दोघींनाही अजून दिसलेली नाही. बीएएमएस हा साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाच्या आंतरवासितेचा (इंटर्नशिपचा) पूर्ण वेळ अभ्यासक्रम आहे. पहिल्याच वर्षी रचना शारीर, क्रिया शारीर, पदार्थ विज्ञान आणि संस्कृत हे विषय असतात आणि उपस्थितीची अट असते. ते सांभाळून तुझे भौतिकशास्त्र ५२ वरून शंभराच्या पुढे जाईल, अशी आशा मी तुला दाखवणार नाही. शिवाय प्रवेश घेतल्यावर मूळ कागदपत्रे महाविद्यालयाकडे जमा होतात, आणि जागा सोडण्याची मुदत उलटल्यावर ती सोडली तर दंड किंवा पुढील फीचा प्रश्न उभा राहतो. सही करण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील तो भाग शब्दशः वाचा. वैद्य म्हणून आयुष्य काढायला तुझी मनापासून तयारी असेल तर जागा जरूर घे आणि नीटचा विचार सोडून दे. ती केवळ थांबायची जागा म्हणून घेणार असशील, तर तुझे वर्ष दोन्हीकडे अर्धे अर्धे जाईल आणि ती जागा मनापासून हवी असलेल्या कोणाला तरी मुकावे लागेल.

सत्तावीसपैकी बहुतेक प्रश्न अकरावीचे निघाले, किंवा घरी शांतपणे सुटले, तर एक वर्ष द्यावे असे माझे मत आहे. दोन्ही वर्षांचे मिळून निम्म्याहून अधिक प्रश्न घरीही सुटले नाहीत, तर बाबांशी बसून बोल. त्या बोलण्यात एक गोष्ट आताच ठरवून टाक : डिसेंबरअखेरच्या सराव पेपरांत भौतिकशास्त्र किती गुणांवर आले नाही तर पर्यायी अभ्यासक्रमाची तयारी सुरू करायची. फिजिओथेरपीचा प्रवेश आपल्या राज्यात नीटवरूनच होतो आणि बीएस्सी नर्सिंगसाठी वेगळी सीईटी असते. तिच्या अर्जाच्या तारखेवर लक्ष ठेव.

फीविषयी थोडा दिलासा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून राज्य शासनाने पूर्ण सवलत दिली आहे. कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून मिळालेल्या खासगी महाविद्यालयातील जागेलाही ती लागू आहे, अभिमत विद्यापीठांना नाही. म्हणून पुढच्या वर्षी पसंतीक्रम भरताना राज्यातील खासगी महाविद्यालये फीच्या धास्तीने वगळू नकोस. त्यासाठी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र त्या वर्षी वैध असलेले हवे आणि जात वैधता प्रमाणपत्र हाती हवे. पडताळणी समितीकडे अर्ज अजून केला नसेल तर याच महिन्यात कर. मधल्या वर्षाचे शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्रही लागेल. ते सोपे काम आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने यंदा दुसऱ्यांदा नीट दिली. गुण गेल्या वर्षीपेक्षा बरे असूनही त्याला जागा मिळाली नाही. आम्ही पसंतीक्रमात मुंबई, ठाणे आणि पुणे येथील शासकीय व महापालिकेची महाविद्यालये भरली होती. आता तो तिसऱ्यांदा बसायचे म्हणतो. ‘मॅनेजमेंटची सीट करून देतो’ असे फोन येत आहेत आणि परदेशात एमबीबीएस करून देणारेही मागे लागले आहेत. मार्गदर्शन करावे. — एक पालक, गिरगाव

उत्तर : आपण मुलाचे गुण आणि क्रमांक लिहिलेला नाही, त्यामुळे ठाम उत्तर देता येत नाही. तरी आपल्या पत्रावरून एक शंका येते : आपला मुलगा परीक्षेत कमी पडला की आपला अर्ज कमी पडला?

ग्रँट, केईएम, सायन, नायर आणि कूपर ही महाविद्यालये, तसेच पुण्याचे बी. जे., यांच्या जागा राज्याच्या गुणवत्ता यादीत वर असलेल्यांकडून आधी भरल्या जातात. पूर्वी ७० टक्के जागा त्याच विभागातील आणि ३० टक्के उरलेल्या राज्यातील विद्यार्थ्यांना, अशी ७०:३० ची प्रादेशिक विभागणी होती. ती सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. तेव्हापासून लातूरच्या विद्यार्थ्याला परळच्या जागेवर आणि गिरगावच्या विद्यार्थ्याला लातूरच्या जागेवर सारखाच हक्क आहे. मुंबईच्या पालकांच्या लक्षात यातला पहिला भाग लगेच आला आणि दुसरा अजून आलेला नाही, असा माझा अनुभव आहे. गेल्या काही वर्षांत नंदुरबार, अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, परभणी, धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. २०२४ मध्ये अंबरनाथ, जालना, वाशिम, हिंगोली, भंडारा, गडचिरोली आणि खुद्द मुंबईत जी. टी. व कामा रुग्णालयांना जोडून नवे महाविद्यालय सुरू झाले. यांपैकी किती नावे आपल्या अर्जात होती?

शेवटच्या फेरीची महाविद्यालयवार यादी काढा आणि मुलाच्या क्रमांकापेक्षा खालच्या क्रमांकाला, त्याच्याच प्रवर्गातून, राज्यात कुठेही जागा मिळाली आहे का ते पाहा. मिळाली असेल तर त्याला तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासाइतकीच नीट भरलेल्या अर्जाची गरज आहे. जागावाटप गुणवत्तेने आणि मग आपल्या पसंतीच्या क्रमाने होते, त्यामुळे तळाला वीस नावे जास्त लिहिल्याने वरच्या महाविद्यालयाची संधी कमी होत नाही. मात्र जिथे मुलगा खरोखरच जाणार नाही असे नाव लिहू नये, कारण मिळालेली जागा नाकारण्याचे पुढच्या फेऱ्यांवर परिणाम होतात आणि त्याचे नियम फेरीगणिक वेगळे असतात.

नव्या महाविद्यालयांत अध्यापकांची पदे रिकामी असतात, वसतिगृहे अपुरी असतात, हे आक्षेप खरे आहेत आणि मी ते झाकणार नाही. पण परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते, पदवी तीच असते, आणि जिल्हा रुग्णालयात विद्यार्थ्याच्या हाताखालून जाणारे रुग्णही कमी नसतात. घरातून लोकलने जाता येईल अशाच ठिकाणी डॉक्टर व्हायचे, या अटीपायी तिसरे वर्ष घालवणे मला महाग वाटते.

फोन करणाऱ्यांना एका वाक्यात निरोप द्या. व्यवस्थापन कोट्याच्या आणि अभिमत विद्यापीठांच्या जागाही नीटच्या गुणवत्तेनुसार, अधिकृत समुपदेशन प्रक्रियेतूनच भरल्या जातात. कोणालाही बाहेरून ‘सीट करून’ देता येत नाही. आगाऊ पैसे मागणारा माणूस आपल्याला फसवत आहे, असेच समजावे.

परदेशाविषयी विचार करायला हरकत नाही, पण एजंटाच्या माहितीपत्रकावरून नव्हे. तिथे जाण्यासाठीही नीटची पात्रता लागते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि परत आल्यावर परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन इथेही आंतरवासिता करावी लागते. त्या परवाना परीक्षेत बसणाऱ्यांपैकी उत्तीर्ण होणारे नेहमीच थोडे असतात. ज्या विद्यापीठाचे नाव सुचवले जाते ते या प्रत्येक अटीत बसते की नाही, याचे लेखी उत्तर मागा. पुष्कळ एजंट तिथेच गळतात.

एक गोष्ट मुलाबद्दल. दोन वर्षे एकाच परीक्षेत गेलेल्या मुलाची झोप, भूक आणि मित्रांमधले येणेजाणे कसे आहे, याकडे लक्ष द्या. तो गप्प झाला असेल तर अभ्यासाआधी ते पाहावे लागेल. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी ३१ वर्षांची परिचारिका असून एका खासगी रुग्णालयात काम करते. मला आता नीट देता येईल का, की वय उलटून गेले? — एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : देता येईल. वयाची कमाल मर्यादा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली आहे आणि किती वेळा बसावे यालाही बंधन नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असणे आणि त्यांत पात्रतेसाठी लागणारे गुण असणे आवश्यक आहे. एवढे गुण असतील तर बारावी पुन्हा देऊन ते वाढवण्यात फायदा नाही, कारण गुणवत्ता यादी फक्त नीटच्या गुणांवर लागते. रात्रपाळी करून हा अभ्यास होणे कठीण आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. राजीनामा देण्याआधी नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेने प्रसिद्ध केलेली गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका सुटीच्या दिवशी तीन तास लावून सोडवा, आणि मिळालेले विषयवार गुण मला कळवा.