ऑडिओबुकवर रहस्यकथा ऐकायला सुरुवात करतोयस? मग एवढं कर

मालिका पहिल्या पुस्तकापासूनच ऐकायला हवी, हे मनातून काढ. अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराचंच घे. १९२० पासूनच्या ३३ कादंबऱ्या आहेत, पण बहुतेक खून त्या-त्या पुस्तकातच उलगडतात. मधलं कुठलंही उचल. प्वारोचं शेवटचं पुस्तक मात्र खरंच शेवटी ठेव.

आधी पाच मिनिटांचा नमुना ऐक. वाचणाऱ्याचा आवाज पटला नाही, तर दहा तास काढणं म्हणजे शिक्षा!

नवशिके हमखास चुकतात ते नावांत. छापील पुस्तकात दोन पानं मागे जाता येतं, कानाला ती सोय नाही. पहिल्या तासात जो येईल त्याचं नाव आणि नातं फोनमध्ये टिपून ठेव: "डॉक्टर – मृताचा भाचा", बस्स. एवढ्यावर माझं भागतं.

लोकलच्या गर्दीत चढता-उतरताना पॉज कर. मी डोंबिवलीहून जातो. एकदा घाटकोपरच्या रेटारेटीत माळ्याची साक्ष निसटली, मागे जाऊन ऐकायचा कंटाळा केला. खुनी माळीच निघाला, आणि मला कळेना हा आला कुठून! काही सेकंद मागे नेणारं बटण असतं, लाजू नकोस, दाब.

बाकी किरकोळ:
- घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड कर, गाडीत रेंज जाते.
- रात्री स्लीप टायमर लाव, ठरल्या वेळी आपोआप बंद होतं.
- वेग सध्या वाढवू नकोस.

भांडी घासताना खुशाल ऐक. ऑफिसचे मेल लिहिताना नको, दोन्ही बिघडतात.