स्वयंपाकघरात कोटा लादी बसवली आहे. सीलर मारायलाच हवा का, आणि नंतर निगा कशी राखायची?

मारा. सीलर म्हणजे दगडात डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण. पण तो कशाला अडवतो आणि कशाला नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर उगाच त्याच्या नावाने बोटं मोडत बसाल.

तुम्ही लिहिलंय की मिस्त्री म्हणतो, "कोटा जिन्याला लावतात, किचनमध्ये कोण लावतं?" खरं तर याच वाक्यासाठी उत्तर लिहायला घेतलं. नौपाड्यातल्या आमच्या घरात ओटा कडप्प्याचा आणि खाली कोटा, दोन्ही मी हट्टाने घेतले. जिन्यावरून अख्खी बिल्डिंग चपला घासत जाते तरी तो दगड टिकतो, मग चार माणसांच्या स्वयंपाकघरात त्याला काय धाड भरणार आहे?

त्याचं वैर आहे ते आंबटाशी. कोटा हा चुनखडीचा दगड, कडप्पा आणि शहाबादी त्याच जातीचे, संगमरवरही आतून तेच. लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ सांडून राहिलं की तिथलं पॉलिश जातं. तेल किंवा हळद आत मुरते तो डाग. आंबटाने पडतो तो डाग नसतोच, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. सीलर पहिल्याला अडवतो, दुसऱ्याला नाही.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हे आजही मानत नाहीत. लादी नवी होती, सीलरही मारून झाला होता. सांध्यांपाशी मिस्त्रीने सिमेंटचे पांढरे ओघळ ठेवले होते. गणपती तोंडावर आलेले. भाऊजी मदतीला आले आणि बाथरूम धुवायचं ॲसिड घेऊनच आले. मी "नको" म्हणेपर्यंत बाटली उलटी केलेली. फस्स करून फेस वर आला आणि हे खुशीत, "बघा वहिनी, मळ कसा सुटतोय!" तो मळ नव्हता, लादी होती. ॲसिडने चुनखडी विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस त्याचा. पाणी मारून वाळल्यावर सिंकसमोर पाटीवर ओला खडू फिरवल्यासारखा पांढुरका पट्टा, आणि पायाला खरखर. तेव्हापासून प्रत्येक जेवणावळीत त्यांचं एकच पालुपद: "सीलरवाल्याने तुम्हाला गंडवलं."

म्हणून मी गॅलरीत पडलेला लादीचा एक तुकडा घेतला. अर्ध्या भागाला सीलर, अर्धा कोरा. दोन्हीकडे लिंबाची फोड आणि तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवली. सकाळी लिंबाखाली दोन्हीकडे सारखाच फिका गोल. हळद मात्र कोऱ्या भागात मुरली, सीलरच्या बाजूने साबणाने निघून गेली. भाऊजींना दाखवलं, तर म्हणे "हा तुकडाच वेगळ्या मालातला असेल." यापुढे काय बोलणार!

असो, तुमच्या कामाचं. सीलर घ्या तो आत मुरणारा. वर चकचकीत थर देणारा अजिबात नको, तो ये-जा असते तिथे झिजतो, ओल अडकली की पोपडे धरतो आणि ओला झाला की घसरतो. लादी पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते जमत नाही, दिवाळीनंतर बघा. पातळ हात मारायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत उरलेला पुसून घ्यायचा. वर सुकला तर चिकट पट्टे राहतात. पुन्हा कधी मारायचा हे थेंबाला विचारा. पाण्याचा थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, खाली दगड काळवंडला तर वेळ झाली. गॅससमोर आधी होते.

रोज साधं पाणी, तेलकट असेल तर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. व्हिनेगर-सोड्याचे व्हिडिओ बघू नका. मुरलेल्या तेलावर टाल्कम पावडर आणि लिक्विडचा घट्ट लेप, वर प्लास्टिक, रात्रभर. हळदीला पावडरीत केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवा, पण आधी कोपऱ्यात बघा, गडद दगडाचा रंग उतरू शकतो. आंबटाने खाल्लेल्या जागेवर यातलं काहीच चालत नाही. आमच्याकडे शेवटी पॉलिशवाला मशीन घेऊन आला, घिसाई केली, घरभर राखाडी चिखल, आणि वर पुन्हा सीलर, कारण घासताना आधीचा निघून जातो. खर्च कोणी केला ते इथे लिहीत नाही.

आता कोणीतरी म्हणेलच की पॉलिशवाले स्वतः ऑक्सॅलिक ॲसिड वापरतात. वापरतात, पण ते मोजून, मशीनखाली घासून, लगेच धुऊन. बाटली उपडी करत नाहीत.

तुमचं घर तळमजल्यावर असेल आणि लादीखालून ओल येत असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करा, सीलरने ती थांबत नाही. आणि हे सगळं चुनखडीच्या दगडांबद्दल. ग्रॅनाइटला लिंबाने सहसा काही होत नाही. फिकट ग्रॅनाइट पाणी पितं, त्याला सीलर लागतो, काळ्याला बहुधा लागत नाही. मिस्त्रीला एवढंच सांगा की सांधे भरल्यावर सिमेंट ओलं असतानाच पुसून घे. तो "नंतर ॲसिड मारून देतो" म्हणाला, तर शेवटचे पैसे हातात ठेवू नका.