‘कडवी बिअर’ की ‘बिटर’?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या पबच्या फळ्यावर ‘गोल्डन कास्क बिटर’ असं लिहिलेलं असतं. प्रवासवर्णनात त्याचं ‘सोनेरी पिंपातली कडवी बिअर’ असं मराठी केलं तर चालेल का?

नाही चालणार. पहिली गोष्ट, या शब्दक्रमात सोनेरी झालं ते पिंप! प्रत्यक्षात ते बहुधा स्टीलचं असतं. ‘पिंप’ हा शब्द मात्र अगदी योग्य निवडलात. पोर्तुगीजांच्या ‘पिपा’वरून तो मराठीत आला आणि तिकडे पिपा म्हणजे दारूचंच पीप.

खरी अडचण ‘कडवी’ची आहे. चवीचं विशेषण ‘कडू’. ते लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. कडू कारलं, कडू काकडी, कडू औषध. ‘कडवा-कडवी-कडवे’ हे रूप मराठीत वेगळ्याच कामाला लागलंय: कडवी झुंज, कडवा विरोध, कडवे अनुयायी. चवीसाठी ‘कडवी’ लिहिलं की हिंदीची सावली पडते आणि बिअर भांडखोर वाटायला लागते.

मग ‘कडू बिअर’? तेही नको, कारण फळ्यावरचं ‘बिटर’ हे विशेषण नाही, नाम आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले मद्यनिर्माते जिला ‘पेल एल’ म्हणत (पेल म्हणजे फिकी, एल हा बिअरचाच एक प्रकार), तिला पिणारे ‘बिटर’ म्हणू लागले, ‘माइल्ड’ नावाच्या दुसऱ्या बिअरपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. (हे ‘माइल्ड’ही फसवं आहे. मूळ अर्थ ‘सौम्य’ नव्हे, तर न मुरवलेली, ताजी.) म्हणजे बिटर हा एक प्रकार आहे, आणि दुसऱ्या कितीतरी बिअर तिच्याहून जास्त कडू असतात. बिटरचा पारंपरिक रंग तांबूस. मँचेस्टरकडच्या काही बिटर आधीपासून फिक्या होत्या, पण ‘गोल्डन एल’ची लाट आली ती १९८० च्या दशकात. सॉमरसेटमधली ‘एक्समूर गोल्ड’ १९८६ ची. फळ्यावरचं ‘गोल्डन’ या लाटेचं.

आता चव, कारण प्रवासवर्णनात ती लिहावीच लागणार. कडूपणा येतो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं. ती उकळताना त्यातली आम्लं बदलतात आणि कडू होतात. शेवटी शेवटी टाकलेली फुलं कडूपणापेक्षा वास जास्त देतात: फुलांचा, गवताचा, कधी संत्र्याच्या सालीचा. पहिल्या घोटाला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, बिस्किटासारखा गोडवा लागतो, कडूपणा मागून येतो आणि घोट गिळल्यावरही जिभेच्या मुळाशी रेंगाळतो. याला ‘कडवट’ म्हणा. ‘तुरट’ मात्र नको. तुरटपणा म्हणजे जीभ आवळणं, सुपारीसारखं, आणि बिटरमध्ये तो दोष धरतात. इंग्रजी वर्णनात ‘ड्राय’ दिसलं तर ‘कोरडी’ लिहू नका, ‘मागे गोडवा न ठेवणारी’ म्हणा. लांबतं खरं, पण कोरडा द्रव वाचकाच्या गळी उतरत नाही.

‘कास्क’वरही थोडं थांबा. तिथे शब्द भांड्याचा असला तरी रोख पद्धतीवर आहे. बिअर पिंपात भरल्यावरही त्यात जिवंत यीस्ट असतं, ते आंबवण्याचं काम चालू ठेवतं आणि बुडबुडे त्यातूनच येतात. बाहेरून वायू न दाबता ती हातपंपाने ओढून देतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक-चळवळीने ही पद्धत टिकवली आणि ‘रिअल एल’ हे नाव रुळवलं. तळघरात ती साधारण ११ ते १३ अंशांवर ठेवतात, त्यामुळे फ्रिजमधल्या बाटलीची सवय असलेले आपले लोक तिला ‘कोमट’ म्हणून मोकळे होतात. हा अन्याय आहे. माठातल्या पाण्याला आपण गारच म्हणतो ना? ही त्याहूनही गार असते.

तेव्हा मी लिहीन: ‘पिंपातून ओढलेली सोनेरी बिटर, गार, मंद बुडबुड्यांची, शेवटी कडवट.’ ‘बिटर’ स्त्रीलिंगी का, तर ‘बिअर’ आणि ‘दारू’ स्त्रीलिंगी म्हणून. कुणी ‘एक बिटर दिला’ म्हटलं तर मला तो ग्लास दिल्यासारखं वाटतं.